कॉलरमागची चिठ्ठी

"यंदा इंग्रजीच्या एम.ए.ची प्रवेश परीक्षा देणार! आणि नुसती देणार नाही, प्रवेश मिळवून दाखवणार!"

टेलरबाईंनी ही घोषणा जेवणाच्या टेबलावर केली, तेव्हा नवऱ्याचा घास तोंडापाशीच थांबला. नवरा बसमध्ये कंडक्टर. दिवसभर 'पुढे सरका, पुढे सरका' असं ओरडून ओरडून त्याची अशी गत झाली होती, की कुणी खरोखरच पुढे सरकलं तर त्यालाच धक्का बसायचा.

"अगं, पदवी घेऊन एकवीस वर्षं झाली तुला!"

"झाली ना? मग बावीस होऊ द्यायची नाहीत."

सासूबाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं. "पास झालीस की पगार वाढतो का गं?"

"दुकान माझंच आहे, आई. मला पगार मीच देते."

"मग परीक्षाही तूच घे की तुझी! बाहेर कशाला जायचं?"

पण टेलरबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी जाडजूड शब्दकोश आणला आणि तीनशे बारा अवघड शब्द निवडले. आता पाठ कधी करायचे? दिवसभर पाय मशीनवर, हात कापडावर! तर बाईंनी युक्ती काढली. मापाच्या चिठ्ठ्या असतात तसल्याच चिठ्ठ्या केल्या. पुढे इंग्रजी शब्द, मागे त्याचा अर्थ. जो कपडा शिवायला घ्यायचा, त्याला एक चिठ्ठी टाचायची. सुई चालतेय, डोळे शब्दावर, ओठ पुटपुटतायत! कपडा झाला की चिठ्ठी काढायची, पुढच्या कपड्याला पुढचा शब्द. कुठला शब्द कुणाच्या कपड्यावर पडेल, यात बाईंचा काही हात नव्हता. निदान बाई तरी तसं शपथेवर सांगतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. परीक्षा रविवारी. गुरुवारी बाई हॉल तिकीट आणायला विद्यापीठात गेल्या आणि दुकान सासूबाईंवर सोपवून गेल्या. सासूबाई म्हणजे काजं, बटणं आणि बांधाबांध या खात्याच्या प्रमुख. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण काम चोख. हँगरला तीन कपडे तयार लटकलेले. तिन्हींना टाचणीने चिठ्ठ्या लावलेल्या. सासूबाईंना वाटलं, सून हल्ली गिऱ्हाइकांची नावंही इंग्रजीत लिहायला लागली! टाचणी पडली, नाव हरवलं, म्हणजे पंचाईत. म्हणून त्यांनी प्रत्येक चिठ्ठी कॉलरच्या मागच्या बाजूला ठेवून चारही कोपऱ्यांत पक्के टाके घातले. वर एक गाठ. सासूबाईंची गाठ म्हणजे कात्रीनेही विचार करावा अशी!

कपडे गेले. शुक्रवार शांततेत पार पडला. शनिवारी सकाळी बाई दुकानाचं शटर वर करतायत, तोच दातांचे डॉक्टर तणतणत आले. अंगात पांढरा कोट.

"हे काय आहे?" म्हणत त्यांनी गर्रकन पाठ फिरवली.

कॉलरखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'ब्रूटल'.

"क्रूर, निर्दय," बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"अर्थ मला कळतो! काल दिवसभर हे पाठीवर घेऊन मी दाढा काढत होतो! एक आजोबा खुर्चीतून उघड्या तोंडानेच पळाले. माझा आरसा अजून त्यांच्या तोंडात आहे!"

हॉल तिकिटाच्या गडबडीत चिठ्ठ्या काढायच्याच राहिल्या होत्या! त्या माफी मागायला तोंड उघडतात न उघडतात, तोच वकीलसाहेब आत घुसले. काळा कोट हातात धरलेला, मेलेला कावळा धरावा तसा.

"मेंडेशस! मेंडेशस म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?"

"खोटारडा. विशेषण."

"भर कोर्टात! मी म्हणतोय, माझा अशील खरं बोलतोय, आणि मागच्या बाकावर सगळे फिदीफिदी हसतायत! न्यायाधीशांनी मला पाठ फिरवायला लावली. वाचलं. आणि म्हणाले, हा पुरावा कुणी दाखल केला? नोटीस पाठवतो तुम्हाला, अब्रुनुकसानीची!"

"वकीलसाहेब, चूक झाली. परीक्षेसाठी शब्द पाठ करत होते..."

"कसली परीक्षा?"

"एम.ए.ची. इंग्रजी."

वकीलसाहेबांचा राग क्षणात उतरला आणि त्याच्या जागी हसू आलं. रागापेक्षा ते जास्त झोंबलं. "या वयात? अहो, एम.ए. म्हणजे काय बटण लावणं आहे?"

बाई काही बोलणार, तेवढ्यात तिसरं गिऱ्हाईक आलं. डेपो मॅनेजर! म्हणजे नवऱ्याचे साहेब. त्यांच्यामागून स्वतः नवरा, चेहरा वापरलेल्या तिकिटासारखा चुरगळलेला. मॅनेजरसाहेब मात्र खुशीत होते. जाकीट त्यांनी मुद्दाम हातावर घेतलं होतं, कॉलरची चिठ्ठी पुढे दिसावी म्हणून!

"वा बाई, वा! कॉर्प्युलंट! काय शब्द शोधलात! आमची ही म्हणाली, कॉर्पोरेटमधला मोठा हुद्दा दिसतोय. मी तर सकाळच्या मीटिंगमध्ये ड्रायव्हर-कंडक्टर सगळ्यांना सांगून टाकलं, वर्षभरात या डेपोतला एकूण एक माणूस कॉर्प्युलंट झाला पाहिजे! आता असं करा, हा शब्द खिशावर निळ्या दोऱ्याने भरून द्या."

नवरा मागून दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होता. पण वकील गप्प बसतो होय?

"लठ्ठ!" वकीलसाहेब गदगदा हसत म्हणाले. "साहेब, कॉर्प्युलंट म्हणजे लठ्ठ!"

डॉक्टरांच्या नाकातून 'फुस्स' असा आवाज आला.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. ते नवऱ्याकडे वळले. "उद्याची तुमची रजा रद्द! बायकोला परीक्षेला पोचवायचंय म्हणे! मुळीच नाही!"

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. "तिला बोलू नका. चिठ्ठ्या मी शिवल्या. मला वाटलं, नावं आहेत."

"छान!" वकीलसाहेब म्हणाले. "सासूला अक्षर ओळखता येत नाही आणि सून निघाली एम.ए.ला!"

बस्स! तोवर टेलरबाईंची मान खाली होती. ती वर आली. त्यांनी मापाची टेप गळ्यात टाकली आणि कात्री उचलली. वकीलसाहेब एक पाऊल मागे सरकले.

"चिठ्ठ्या राहिल्या, ही माझी चूक. त्याबद्दल तिघांचीही माफी मागते," बाई म्हणाल्या. "पण एम.ए.बद्दल माफी मागणार नाही! आणि माझ्या सासूबाईंबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही! वकीलसाहेब, तुमचा डावा खांदा दोन बोटं उतरलेला आहे. तो कोर्टात सरळ दिसतो, कारण माझ्या सासूबाई तिथे चार पदरी भरणी घालतात. आजवर बोलल्या कुणाला? डॉक्टर, तुमचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब आहे. बाह्यांवरून कधी कळलं कुणाला? आणि साहेब, तुमची कंबर गेल्या दोन वर्षांत मी तीनदा वाढवली. चिठ्ठीवर दर वेळी जुनंच माप लिहिते, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून! तुमचे सगळ्यांचे आकार या दोन बायकांच्या पोटात आहेत. ते तिथेच राहतील. पण उद्या मी परीक्षेला जाणार! आणा तो कोट इकडे."

वकीलसाहेबांनी निमूटपणे कोट दिला. बाईंनी सासूबाईंची गाठ कापायला घेतली. कात्री दोनदा घसरली, तिसऱ्यांदा जमलं. डॉक्टरांनीही कोट काढून दिला आणि उगाच खिशात हात घालून उभे राहिले. मॅनेजरसाहेबांनी तर दुकानाबाहेर पडेपर्यंत पोट आत ओढून धरलं होतं.

"माझी नोकरी गेली," नवरा खुर्चीत कोसळत म्हणाला.

"कुठे जात नाही. पुढच्या वेळी त्यांची कंबर कोण वाढवून देणार?"

रविवारी नवऱ्याची ड्युटी होती, त्यामुळे बाई त्याच्याच बसने गेल्या. सोबत सासूबाई. नवऱ्याने दोघींना तिकीट दिलं आणि विद्यापीठाच्या थांब्यावर सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडला, "एम.ए.वाले, उतरून घ्या!" एम.ए.वाल्या एकट्या बाईच होत्या. त्या ताठ मानेने उतरल्या. मागून सासूबाई.

हॉलमध्ये सगळी विशी-बाविशीतली पोरं. बाईंनी पेपर उघडला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. अख्ख्या पेपरात एकाही शब्दाचा अर्थ विचारलेला नव्हता! एकही नाही! एक कविता, तिच्यावर प्रश्न, आणि शेवटी एक निबंध, 'तुमच्या ओळखीच्या एका माणसाचं वर्णन करा.'

तीनशे बारा शब्द डोक्यात दाटीवाटीने उभे, आणि उतरायला थांबाच नाही! बाईंनी पाच मिनिटं पेनाचं टोपण चावलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. सासूबाई झाडाखाली बाकावर बसून, डोळे किलकिले करून, फाटकावरची इंग्रजी पाटी नुसतीच बघत होत्या. बाईंनी लिहायला घेतलं. साधे, छोटे शब्द. पुरवण्या तीन लागल्या.

महिन्याने यादी लागली. जागा तीस, बाईंचा नंबर एकोणतिसावा! नवऱ्याने ही बातमी डेपोत सांगितली आणि तिथून शक्य तितक्या लवकर पळून आला.

प्रवेशाच्या दिवशी बाई नवा ड्रेस घालून खिडकीपाशी गेल्या. कारकुनाने अर्ज वाचला आणि आदराने वर पाहिलं.

"नोकरी सांभाळून शिकताय, कौतुक आहे. कुठल्या बँकेत?"

"बँकेत? मी टेलर आहे."

"हो, तेच लिहिलंय. टेलर. पण बँक कोणती?"

"अहो, कपडे शिवणारी टेलर!"

कारकुनाने अर्ज फिरवून समोर धरला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, या स्पेलिंगचा टेलर बँकेच्या काउंटरवर बसतो. कपडेवाल्याचं स्पेलिंग वेगळं असतं."

इंग्रजीच्या एम.ए.च्या अर्जावर बाईंचं स्वतःच्या धंद्याचं स्पेलिंग चुकलं होतं! मागच्या रांगेतल्या पोरांनी ऐकलं असणारच. "घाईत झालं," असं म्हणून बाईंनी ठसक्यात खाडाखोड केली, सही ठोकली आणि घरी आल्या.

दुकानासमोर येताच त्यांची नजर वर गेली. पाटी! अठरा वर्षांपूर्वी रंगाऱ्याला त्यांनी स्वतः एकेक अक्षर सांगून लिहून घेतलेली! तेच स्पेलिंग, हातभर मोठ्या अक्षरांत. याच पाटीखालून डॉक्टर येत होते, वकील येत होते, मॅनेजर येत होते. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

बाईंनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग दुकानातून स्टूल आणलं, त्यावर चढल्या आणि ते शिकलेले लोक परत यायच्या आत पाटीवर एक चादर टाकून दिली.