पंख्यांमागचा बाक

"माझ्या शेडमध्ये एकही माणूस आजारी पडणार नाही!" मुकादमानं छाती ठोकून सांगितलं, आणि समोर बसलेल्या बायांपैकी दोघी नेमक्या तेव्हाच शिंकल्या. पिसांची धूळच तशी होती.

शेजारच्या पोल्ट्रीत कोंबड्यांची साथ आली होती. हा आजार धुळीबरोबर माणसाच्याही छातीत शिरतो हे कळल्यापासून मुकादमाची झोप उडाली होती. त्याला खरा घोर होता आक्काचा. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच त्याला वाढवलं होतं. आता ती त्याच्याच शेडमध्ये अंडी गोळा करायची आणि चार पावलं भरभर चालली की तिला धाप लागायची.

मुकादमानं जाड मास्क आणले, चष्मे आणले आणि फर्मान काढलं, शेडमध्ये मास्क नाकाखाली आला की माणूस घरी!

"अरे, गुदमरूनच मेलो तर आजार कुणाला होणार?" आक्का म्हणाली.

म्हणणं रास्त होतं. म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं एक बाक ठोकला. पाठीला टेकू असलेला, आक्काच्या गुडघ्यांना त्रास होऊ नये इतका उंच. आणि जागा काय हेरली! शेडच्या मागे, भिंतीतल्या मोठ्या पंख्यांसमोर. सगळीकडे ऊन रणरणत असलं तरी तिथं भन्नाट वारा! घाम फुटला की तिथं जायचं, मास्क काढायचा, चहा घ्यायचा आणि छाती भरून हवा खायची.

"चहात पिसं पडतायत रे," आक्का कुरकुरली.

"मग पिसं काढ आणि पी! भाऊ एवढा राबला त्याचं काहीच नाही!"

"बरं बाबा," म्हणून ती बसली.

थोड्याच दिवसांत माणसं खोकायला लागली. मुकादम चवताळला. कुणीतरी आत मास्क काढतंय, दुसरं काय! त्यानं मास्कच्या पट्ट्या आणखी आवळायला लावल्या. पट्ट्या आवळल्या तसा घाम वाढला. घाम वाढला तशी बाकावर गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर खोकलाही! मग आत काही कोंबड्यांनी माना टाकल्या आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं लागलं.

डॉक्टरांनी मास्क पाहिले, चष्मे पाहिले. "वा, मुकादम! इतका चोख बंदोबस्त मी कुठंच पाहिला नाही. तरी माणसं का खोकतायत?"

"ते सोडा साहेब, खरी गंमत अजून पुढंच आहे!" म्हणत मुकादमानं त्यांना मागे नेलं, बाकावर बसवलं. "आता मास्क काढा आणि निवांत हवा खा!"

डॉक्टरांनी हात मास्ककडे नेला, तोच एक पीस येऊन त्यांच्या चष्म्याला चिकटलं. त्यांनी पीस पाहिलं. मग पंखे पाहिले.

"मुकादम, हे पंखे काय करतात?"

"आतली सगळी घाण हवा बाहेर फेकतात, साहेब!"

"बाहेर म्हणजे कुठं?"

"बाहेर म्हणजे... इथंच," मुकादम म्हणाला, आणि त्यानं डॉक्टरांना हाताला धरून बाकावरून उठवलं.

त्याच सकाळी आक्का खोकत होती म्हणून त्यानं तिला मुद्दाम जास्त वेळ तिथं बसवलं होतं. 'उठते' म्हणाली तेव्हा दटावलं होतं!

शेड बंद झाली. बाकीची माणसं औषधांनी सावरली, पण आक्काला दवाखान्यात ठेवावं लागलं. दवाखान्यात त्याला आत सोडत नव्हते, तेव्हा मुकादम घरी आला, कुऱ्हाड घेतली आणि शेडमागे जाऊन त्या बाकाचे तुकडे तुकडे केले. प्रत्येक घावाला स्वतःला एक शिवी घातली. सगळी लाकडं घरी आणून चुलीत घातली आणि चुलीसमोर बसून लहान मुलासारखा रडला.

आक्काचा ताप उतरल्यावर त्याला एकदाचं आत सोडलं. ती निम्मी झाली होती. तिचा हात धरून तो म्हणाला, "आक्का, चुकलो गं. तुझ्यासाठी केलं आणि तुझ्याच जिवावर उठलो."

"रडू नकोस, मास्क भिजतोय," आक्का पुटपुटली. "तो बाक आहे ना रे?"

"मोडला! जाळला! नाव घेऊ नकोस त्याचं!"

आक्कानं हात सोडवून कपाळावर मारला.

"अरे माझ्या शहाण्या, बाकाला काय खोकला झाला होता? उचलून पुढच्या अंगणात ठेवायचास ना! आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या गुडघ्यांच्या मापानं काही केलं होतं!"