सुरीसाठी त्रेपन्न पत्रं

बाइंडरची सुरी धार लावून लावून इतकी झिजली होती, की पुस्तकाच्या पाठीचं चामडं तासताना पातं कुठं संपतं आणि बोट कुठं सुरू होतं, हे त्याला चष्मा पुसून बघावं लागे. साधीच सुरी ती. आखूड पातं, मुठीत पक्कं बसवलेलं, न मिटणारं. कारखान्याने ती बनवणं आठ वर्षांपूर्वी थांबवलं होतं. त्याने दुसऱ्या चार आणून पाहिल्या, पण त्या हातात पाहुण्यांसारख्या अवघडून बसत.

शेवटी त्याने कारखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं : पन्नास ग्राहकांनी मागणी केली, तर सुरी पुन्हा काढू.

"पन्नास माणसं आणायची कुठून?" तो म्हणाला.

"माझ्या माहेरचेच वीस होतील," बायको म्हणाली आणि फोन घेऊन बसली.

बायकोच्या थोरल्या बहिणीने पत्र लिहिलं, बहिणीच्या सासूने लिहिलं, दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं. मेव्हण्याने तर दोन पानं लिहिली. ही सुरी बंद झाल्यापासून घरात कशातच मन लागत नाही, असं. महिन्याभरात त्रेपन्न पत्रं गेली.

कारखाना गहिवरला. त्याने प्रत्येकाला एक छापील कागद पाठवला : 'सुरी कशी हवी?'

तो भरताना बाइंडर एकच ओळ लिहून मोकळा झाला : 'होती तशी.' बाकीच्यांना काही विचारायला हवं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

चार महिन्यांनी खोकं आलं. सगळी मंडळी बघायला जमली. बाइंडरने हात धुऊन, पुसून झाकण उघडलं. आत गुलाबी मुठीची, मिटणारी सुरी होती. तिला बाटली उघडायचा आकडा होता, इवलीशी कात्री होती आणि दात कोरायची काडी होती.

बाइंडरने झाकणावरचं नाव पुन्हा वाचलं.

"मिटणारी मी लिहिलं," बहीण हळूच म्हणाली. "घरात लहान मुलं आहेत ना."

"रंग ताईच्या सासूबाईंचा," बायको म्हणाली.

काडीबद्दल कुणी विचारलं नाही. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

"पण आकडा चांगला आहे," मेव्हणा म्हणाला.

सोबत कारखान्याच्या साहेबांचं पत्र होतं. बायकोने ते मोठ्याने वाचलं. 'बहुमताचा आदर करून सुरी नव्याने घडवली आहे. जुन्या सुरीचा साचा आम्ही इतकी वर्षं आशेने जपून ठेवला होता. तुम्हा सर्वांचा उत्साह पाहून तोच वितळवला आणि त्यातून हा नवा साचा ओतला. याचं श्रेय तुम्हाला.'

बाइंडरने सुरी मिटली. उघडली. पुन्हा मिटली. बहिणीचे डोळे भरून आलेले पाहून तो म्हणाला, "छान मिटते."

मंडळी निघाल्यावर बायको त्याच्याजवळ येऊन बसली.

"कारखान्याला एक कडक पत्र लिहू या?" तिने विचारलं. "मी सगळ्यांना फोन करते."

"नको," तो घाईघाईने म्हणाला. "सगळे लिहितील."