अंधाराचा सुस्पष्ट रंगीत फोटो

मी स्वतःहून जबाबदारी कधी अंगावर घेत नाही. ऑफिसात सव्वीस वर्षं काढली ती याच एका तत्त्वावर. पण त्या रविवारी सकाळी चहा पिता पिता माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, आधी मी बघतो, मग ठरवू." झालं. पुढे जे घडलं त्याला मी आणि मीच जबाबदार आहे (असं घरात एकमतानं ठरलंय. मला मत नव्हतं).

विषय असा होता. आमची कन्या पंधरा वर्षांची. घरात आम्ही तिला वकीलसाहेब म्हणतो, कारण बोलायला लागल्यापासून ती आमची उलटतपासणीच घेते आहे. तिला तो शनिवारचा राजकीय विनोदाचा कार्यक्रम बघायचा होता. त्यात एक सुटातला माणूस टेबलामागे बसून मंत्र्यांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांची सालटी काढतो, आणि सुरुवातीलाच पाटी येते, 'फक्त प्रौढांसाठी'. वर्गातल्या सगळ्या मुली बघतात, म्हणाली. माझी बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवायचं आणि आपलं बंद, हे तिला छान जमतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्हीच तपासा ना. तुम्हाला नियमांतलं कळतं."

आता इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं 'तुम्हाला कळतं' म्हटलं की माणसानं सावध व्हायला नको? मी झालो नाही. उलट एक वही काढली, पट्टीनं चार रकाने आखले: वेळ, आक्षेपार्ह शब्द, गांभीर्य, शेरा. मग बेडरूमचं दार बंद केलं, मोबाइलवर कालचा भाग लावला आणि कानाला हेडफोन घालून तपासणीला बसलो.

पहिल्या दहा मिनिटांत दोन शब्द सापडले. दोन्ही 'मध्यम'. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मी स्वतः हेच दोन वापरतो, पण प्रिंटर अल्पवयीन नसतो. अर्थमंत्र्यांवरच्या एका विनोदाला मी इतका हसलो की खुर्ची मागे कलंडता कलंडता राहिली, आणि दाराबाहेरून आवाज आला, "बाबा, सौम्य की गंभीर?" मी शेऱ्यात 'हास्य, तपासणीच्या कामानिमित्त' अशी नोंद करून ठेवली. निर्णय जवळजवळ झालाच होता. अटींसह मंजूर.

तेवढ्यात सुटातल्या माणसानं एक कागद वर धरला. कागद माझा होता.

मी शहराच्या दिवाबत्ती कक्षात वरिष्ठ लिपिक आहे. रस्त्यावरचा दिवा बंद पडला की लोक आमच्याकडे अर्ज करतात, आणि त्या अर्जाचा नमुना मी केलेला. एकट्यानं. खोट्या तक्रारी फार येतात म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्यात सातवी अट घातली. साहेबांनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती. नियमाला मी इतका पक्का, की मध्यंतरी आमची पोरगी जेवताना म्हणाली, क्लासच्या गल्लीतला दिवा बंद आहे, येताना भीती वाटते, तर मी सांगितलं, रीतसर अर्ज कर. घरच्यांना वेगळा नियम नाही, याचा मला अभिमान होता.

सुटातल्या माणसानं अट सात सावकाश वाचली. "दिवा बंद असल्याचा पुरावा म्हणून अंधाराचा सुस्पष्ट, रंगीत फोटो जोडावा. दोन प्रती."

लोक हसायचे थांबेनात. मग त्यानं स्टुडिओतले दिवे घालवायला लावले, फोटो काढला, आणि एक काळा चौकोन सगळ्या देशाला दाखवला. त्यावर शिक्का मारला, 'नामंजूर. फोटोत अंधार नीट दिसत नाही.' हे वाक्य त्यानं रचलेलं नव्हतं. तसा शिक्का मी खास बनवून घेतलाय. शेवटी त्यानं कागदाच्या तळाची बारीक ओळ वाचली, 'नमुना तयार करणार: वरिष्ठ लिपिक, दिवाबत्ती कक्ष'. आमच्या कक्षात वरिष्ठ लिपिक एकच आहे.

खरं सांगतो, साहेबांची भीती वाटली नाही, लोकांचीही नाही. लोक दोन दिवस हसतात आणि विसरतात. पण पोरीला हे कळता कामा नये. पहिलीत असताना तिनं 'माझे बाबा शहराला उजेड देतात' असा निबंध लिहिला होता. तो कागद अजून माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे.

मी बाहेर आलो आणि जाहीर केलं, नामंजूर, भाषा फार वाईट आहे. वकीलसाहेबांनी वही मागितली. वाचून म्हणाल्या, हे दोन्ही शब्द तू मंगळवारी कपाटाच्या कुलपाला उद्देशून वापरलेस, मी शेजारीच उभी होते. मग मी मुद्दा बदलला. म्हटलं, राजकारण हा मोठ्यांचा विषय आहे. ती म्हणाली, तीन वर्षांनी मला मत द्यायचंय, तोवर कोणावर हसायचं ते तरी शिकू नको का? (या मुलीला वादविवाद स्पर्धेत घालायची कल्पनाही माझीच.) शेवटी बायकोनं तोडगा काढला, संध्याकाळी तिघांनी मिळून बघू आणि काय ते ठरवू. माझ्याकडे नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

दिवेलागणीला दोघी सोफ्यावर बसल्या. टीव्हीवर ती पाटी आली, तो सुटातला माणूस आला. मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो, दारामागच्या मीटरच्या पेटीपाशी गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. शहराला उजेड देणाऱ्या माणसानं आपल्याच घरात अंधार केला. आमची इमारत दुसरीला खेटून उभी आहे, त्यामुळे अंधार चांगला गुडुप्प झाला. मी चाचपडत परत आलो, टेबलाला गुडघा आपटून घेतला, आणि शक्य तितक्या नवलानं म्हणालो, "अरे, लाइट गेली वाटतं."

मग सोफ्याच्या बाजूनं शांत आवाज आला.

"बाबा, एक फोटो काढू? सुस्पष्ट, रंगीत. दोन प्रती."

बायकोचं हसू नाकातून फुटलं. मी होतो तिथेच जमिनीवर बसलो.

अंधारातच सगळा खुलासा झाला. पोरीनं मी सांगितल्याप्रमाणे रीतसर अर्ज करायचं ठरवलं होतं. पण माझी अट चार अशी की अर्जदार सज्ञान असावा. म्हणून तिनं चित्रकलेच्या क्लासमधल्या बाईंच्या नावानं अर्ज केला. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा माझा शिक्का बसून परत आला. तेव्हा तिनं तिन्ही कागद त्या कार्यक्रमाकडे पाठवून दिले. तिथे वयाची अट नव्हती. भाग दोघींनी कालच बघितला होता, आणि सकाळची परवानगीची विनंती ही केवळ मला तो बघायला लावण्यासाठी होती.

"अगं, पण मला सरळ का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सरळच सांगितलं होतं, बाबा. जेवताना."

पोर महिनोन्‌महिने त्या गल्लीतून जीव मुठीत धरून येत होती आणि मी तिच्या भीतीची प्रत नीट आली नाही म्हणून शिक्के मारत होतो. मला लाज वाटली. तसं मी म्हणालोही. अंधार होता म्हणून बरं, म्हणता आलं. मग ती उठली, टॉर्च लावून मीटरच्या पेटीपाशी गेली आणि स्विच वर केला.

सोमवारी साहेबांनी बोलावलं आणि ही सातवी अट कोणत्या गाढवाची, असं विचारलं. माझी पाठ त्यांनीच थोपटली होती याची आठवण मी करून दिली नाही. वायरमनला घेऊन स्वतः त्या गल्लीत गेलो, शिडी धरून उभा राहिलो. संध्याकाळी क्लासहून येताना पोरगी खांबाखाली थांबली, वर बघितलं, आणि घरी येऊन माझ्या ताटात तिच्या वाटणीची पोळी वाढली. ती एरवी कोणाला तिची पोळी देत नाही.

कार्यक्रमाचा निकालही लागला. तिला परवानगी, विनाअट. मला मात्र सज्ञान व्यक्ती शेजारी बसली असेल तरच, आणि ती व्यक्ती म्हणजे वकीलसाहेब. माझी रकान्यांची वही आता त्यांच्या ताब्यात आहे. पुढच्या रविवारी आम्ही एकत्र नवा भाग बघितला. त्यात सुटातल्या माणसानं माझा नवा, सुधारित अर्ज वाचून दाखवला. (फोटोची अट मी काढून टाकली होती. फक्त 'अर्ज बंद दिव्याखाली उभे राहून, सुवाच्य अक्षरात भरावा' एवढंच ठेवलं होतं.) भाग संपल्यावर पोरीनं वही माझ्यासमोर सहीला ठेवली.

आक्षेपार्ह शब्द: कार्यक्रमात तीन, सौम्य. बाबांच्या तोंडून अकरा, पैकी चार गंभीर. शेरा: कार्यक्रम मुलांनी बघण्यास हरकत नाही. बाबांशेजारी बसून बघू नये.