खुनाला अनुमोदक हवा

नेदर विकबरी गावच्या चित्रपट मंडळाने यंदा एखादा दुर्लक्षित चित्रपट दाखवायचं ठरवलं आणि दुर्लक्ष नेमकं कोणाचं झालं आहे हे तपासायला उपसमिती नेमली. उपसमितीच्या मते, ज्याचं नाव एकाही सदस्याने ऐकलेलं नाही तोच खरा दुर्लक्षित. ‘ग्रेस्टोन ग्रेंजवरचा खून’ हा जुना कृष्णधवल रहस्यपट या कसोटीला पुरेपूर उतरला. हेस्टर प्लमलीबाईंनी ते ऐकलं होतं, पण त्या बैठकीत चहा ओतत असल्यामुळे त्यांची गणती झाली नाही.

हेस्टरबाईंनी त्या चित्रपटात मोलकरणीचं काम केलं होतं. सगळा वेळ ट्रे घेऊन आतबाहेर करायचं, आणि शेवटच्या रिळात पडदाभर चेहरा, कारण खुनी तीच. चित्रपट आठवडाभरात चित्रपटगृहांतून उतरला तेव्हा त्या दूरच्या गावी नाटकात होत्या, म्हणून तो चेहरा त्यांनी स्वतःही कधी पाहिला नव्हता. “मी सिनेमात होते,” असं त्या म्हणाल्या की लोक “हो का, छान,” म्हणून हवापाण्यावर घसरत. आता नव्वदीत, एकदा तरी गावाने आपल्याला पडद्यावर बघावं, एवढीच त्यांची आस होती.

अडचण नगर परिषदेतून आली.

“प्रेक्षकांच्या मनाला लागेल असं जे जे असेल ते दारावर लिहावं लागतं,” परिषदेच्या टॅटरसॉलबाई म्हणाल्या. “धूम्रपान, कोल्ह्याची शिकार, विषप्रयोग. आणि खुनी कोण, तेही.”

“खुनी कशाला?” अध्यक्ष स्टॅनिफर्थ दचकले.

“तो डॉक्टर निघाला, तर प्रेक्षकांतल्या डॉक्टरांना आधी कल्पना नको द्यायला?”

खुन्याला त्या गावाने एक वेळ माफ केलं असतं, पण खुनी कोण हे आधीच फोडणाऱ्याशी कोणी जन्मात बोललं नसतं. मंडळ अत्यंत सभ्यपणे भांडलं. शेवटी तोडगा निघाला: शेवटचं रीळच दाखवायचं नाही. खुनी नाही, तर सूचनाही नाही.

“अहो, पण माझा चेहरा त्याच रिळात आहे,” हेस्टरबाई म्हणाल्या.

“तुमच्या भावनांची नोंद घेतली आहे, हेस्टर,” स्टॅनिफर्थ म्हणाले. “ती बिस्किटं जरा इकडे सरकवता का?”

खेळाला सभागृह भरलं. पडद्यावर गुप्तहेराने कर्नल, पाद्री, डॉक्टर आणि पुतण्या यांना दिवाणखान्यात जमवलं, बोट उगारलं, आणि दिवे लागले. नेदर विकबरीत मतदानाशिवाय गुलाबाची कलमंही लावली जात नाहीत, तेव्हा खुनी कोण हेही ठरावानेच ठरवायचं, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. कर्नलचं नाव सुचवलं गेलं, अनुमोदन मिळालं. पाद्रीबुवांच्या नावावर गावचे पाद्री तटस्थ राहिले.

हेस्टरबाई उभ्या राहिल्या. “खून मी केलाय,” त्या म्हणाल्या. पाठ केलेलं भाषण इतक्या वर्षांनीही त्यांच्या ओठांवर होतं. “शेरीच्या पेल्यात विष मी घातलं. मालकाने मला जन्मभर घंटा वाजवून बोलावलं. नावाने एकदाही नाही.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. “मोलकरणीचं नाव पुढे आलं आहे. अनुमोदन?”

एकही हात वर गेला नाही.

“त्यात मोलकरीण होती?” मागच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याला हळूच विचारलं.

“असेल बुवा. चहा कोणीतरी आणत होतं खरं.”

अनुमोदकाअभावी ठराव बारगळला. कर्नल बहुमताने खुनी ठरला आणि हेस्टरबाईंचे सहभागाबद्दल आभार मानण्यात आले. त्या खाली बसल्या. त्यांना रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप येत होता.

इतका गुणी चित्रपट इतकी वर्षं सगळ्यांच्या नजरेतून सुटला तरी कसा, असं आश्चर्य गावच्या वार्तापत्रात छापून आलं. हेस्टरबाईंना त्याचं काही आश्चर्य वाटलं नाही. मालकाने ज्या नावाने एकदाही हाक मारली नाही, ते त्या मोलकरणीचं नाव काय होतं, हे मंडळात कोणीच विचारलं नाही. तुम्हीही नाही.