बैठकीच्या खोलीतली होडी

“पूर येऊ दे नाहीतर भूकंप, आपल्या घरातल्या कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही,” चष्मेवाल्यांनी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं.

त्यांची बायको बेकरीत कामाला निघाली होती. चपला घालत ती म्हणाली, “आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो. आणि नदी पार गावाच्या त्या टोकाला.”

“म्हणूनच ती आली की सगळ्यांची फजिती होणार. आपली सोडून.”

तयारी खरंच जय्यत होती. मोठ्या पिशवीत विजेरी, मेणबत्त्या, बिस्किटं, औषधं, कात्री, शिट्टी आणि घरातल्या प्रत्येकाचा जास्तीचा चष्मा. शिवाय रबराची एक होडी, घडी केली की उशीएवढी. दुपारी चष्म्यांचं दुकान बंद ठेवून त्यांनी सगळं बैठकीच्या खोलीत मांडलं.

तिथे सासूबाई बसल्या होत्या. मुलीकडे राहायला आल्यापासून त्या जावयाशी थेट बोलल्या नव्हत्या. काही हवं असलं की भिंतीकडे बघून म्हणायच्या, “पंखा कुणी लावला तर बरं होईल.” आताही त्या भिंतीला म्हणाल्या, “होडीला ही दोरी कसली, ते कुणी सांगितलं तर बरं होईल.” आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी ती ओढली.

फुस्स आवाज झाला. बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखी होडी हातपाय पसरत गेली. तिने टेबल मोबाइलसकट कोपऱ्यात ढकललं, पिशवी पोटाखाली घेतली आणि दाराला नाक टेकून स्वस्थ झाली. उभं राहायलाही जमीन उरली नाही, तेव्हा दोघं मुकाट्याने होडीत चढले.

पडद्यातून निळसर उजेड येत होता आणि पंख्याच्या वाऱ्याने तो नारिंगी रबरावर हलत होता. कुणी श्वास घेतला तरी होडी जराशी डुले. फुगलेल्या काठांमुळे सासूबाईंना भिंत दिसत नव्हती. दिसत होतं ते फक्त जावयाचं तोंड.

“लहानपणी मला नाव चालवायची होती,” त्या शेवटी त्या तोंडाला म्हणाल्या.

“मग?”

“पोहता येत नव्हतं.”

“मलाही येत नाही, आई.”

“मग होडी घेतलीत ते बरं केलंत.”

त्या आडव्या झाल्या. वडिलांबरोबर एकदा पलीकडच्या तीरावर गेल्या होत्या, ते सांगू लागल्या. पाण्यात हात सोडला की बोटांमधून ढग जायचे म्हणे. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून छातीवर ठेवला. त्यांना छतही पाण्यासारखं दिसू लागलं.

संध्याकाळी बायको आली. तिने दार ढकललं, तर ते मऊपणे परत आलं.

“आई, दार उघड.”

“उघडत नाही गं. आम्ही होडीत आहोत.”

आईचं डोकं फिरलं, हे उघडच होतं. “अहो, तुम्ही आहात का आत?”

“होडीतच आहोत,” चष्मेवाल्यांचा पेंगुळलेला आवाज आला. “फार बरं वाटतंय.”

नवरासुद्धा! आत कसला तरी गॅस सुटलाय, अशी तिची खात्री झाली. जिन्यावरून धावत उतरून तिने अग्निशमन दलाला फोन लावला.

थोड्याच वेळात घंटा वाजवत गाडी आली, गल्ली गोळा झाली, खिडकीला शिडी लागली. तोंडाला मुखवटा लावलेला जवान पडदा सारून आत डोकावला. नारिंगी होडीत एक बाई आणि एक गृहस्थ डोळे मिटून पडले होते. बाई मात्र बोलत होत्या. त्याने मुखवटा काढला.

“घाबरू नका,” तो म्हणाला. “सुरीने फोडतो.”

“फोडू नका,” दोघं एकदम म्हणाले.

“मग हवा सोडायचं झाकण शोधायला हवं. कुठे आहे, काही कल्पना?”

सासूबाईंनी पायाशी बोट दाखवलं. चष्मेवाल्यांनीही तिथेच. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि चष्मेवाल्यांनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.