भागूआत्यांचा निवाडा

आमच्या कोळवण खोऱ्यात भागूआत्या मेंढीवर खटला चालवतात. मेंढी व्यायच्या वेळी अडली, हात घालून सोडवावी लागली, की थोड्या दिवसांनी आत्या तिच्यासमोर पाट टाकून बसतात आणि विचारतात, "बोल बाई, चूक कुनाची?"

मी त्यांची शेजारीण. उरवड्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते, पण सुट्टीच्या दिवशी खटला असला तर सोडत नाही. कोकराचा पाय दुमडला होता? मग चूक कोकराची, आई सुटली. आईला दूध नाही, पिल्लाला जवळ येऊ देत नाही? मग ती खाटकाकडे. आत्यांपुढे अपील नाही. एकदा फार्महाउसवाल्या बाई म्हणाल्या, "बिचारीवर दया करा हो."

"करते की. फुडच्या साली अडंल तवा हात घालाया तुमी या."

बाई पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत.

यंदा राणी अडली. राणी म्हणजे कळपाची म्होरकी, आत्यांची लाडकी. गेल्या साली अडली तेव्हा आत्यांनी कोकरावर खापर फोडून तिला वाचवलं होतं. यंदा कोकरू आलं आणि मागोमाग गर्भाची पिशवीच बाहेर पडली. आत्या एवढंच म्हणाल्या, "साकर आन." मी धावत जाऊन घरातला डबाच आणला. आत्यांनी पिशवी कोमट पाण्यानं धुतली, वर साखर चोळली, सूज उतरू दिली आणि तळहातानं हळूहळू आत सरकवली. तोंडानं राणीशी बोलणं चालूच. राणी उठून कोकराला चाटायला लागली, तेव्हा मी आत्यांच्या हातांकडे बघतच राहिले. पाया पडावंसं वाटलं.

पुढे कोकरू पाला खायला लागलं आणि आत्यांनी पाट टाकला. या वेळी प्रश्न विचारलाच नाही.

"जायाचं," म्हणाल्या.

माझा जीव तुटला. "आत्या, ठिवा की तिला. नुसती चरू द्या."

"कळपात नर हाय. त्येला कोन सांगनार, हिच्या वाटंला जाऊ नगं म्हनून? फुडच्या खेपंला हाल हाल हून मरंल ती."

खरंच होतं.

टेंपो आला. आत्यांनी राणीला चढवलं आणि मागून एक चांगली धडधाकट मेंढीही चढवली.

"दोन द्यायच्या का?" ड्रायव्हर खूश झाला.

"दुसरी संगतीला हाय. ती माघारी आनायची."

"मेंढीला परतीचं भाडं?" तो हसत सुटला.

"हास. मेंढरू एकलं ऱ्हात न्हाई, भेदरतंय. शेवटपातूर कुनीतरी जवळ पायजे." आणि आत्या स्वतःही मागेच बसल्या, राणीच्या मानेवर हात ठेवून.

संध्याकाळी टेंपो परतला. संगतीची मेंढी उडी मारून कळपात घुसली. आत्या मात्र मेंढ्यांच्या जाळीपाशीच बसून राहिल्या. घराचं कुलूप तसंच. नवरा जाऊन कैक वर्षं झाली, मूलबाळ नाही. कुलूप काढलं तरी आत हाक मारायला कोणी नव्हतं.

मला राहवलं नाही. "आन एकल्या मानसाचं काय वो, आत्या?"

"मानसाला सवय लागती."

चपला काढून मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. सगळं अंगण मोकळं होतं, तरी त्या जरा सरकल्या आणि मला जागा करून दिली.