दामूभाऊंची काहून मंडळी

मोहाडीच्या आठवडी बाजारात तुम्ही वांगी निवडत उभे असाल आणि एखाद्या उंच, काटकुळ्या माणसानं तुमच्या हातातली पिशवी अलगद काढून घेतली, तर घाबरू नका. तो चोर नाही. ते दामूभाऊ. पिशवी ते स्वतःच्या खांद्याला अडकवतील, तुमच्या हातात धानाची एक पेंढी कोंबतील, खिशातून कागद काढून खणखणीत आवाजात वाचतील, "पेंढी बुडाशी घट्ट धरावी व लोंब्या फिरत्या ढोलावर टेकवाव्या," आणि मग तुमच्याकडे टक लावून पाहत राहतील. समोर ढोल नसतोच. असते भजेवाल्याची कढई. तुम्ही बावचळून पेंढी भलत्या टोकाला धरलीत, की दामूभाऊंना आनंदाचं भरतं येतं.

"चुकले! मास्तर, हे बी चुकले! ओळ बदलवा!"

त्यातला मास्तर म्हणजे मी. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. मी मोहाडीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो तो दोन गोष्टी मनाशी ठरवून. कुणाच्या भानगडीत पडायचं नाही आणि दुपारची झोप मोडू द्यायची नाही. खोली मिळाली ती नेमकी दामूभाऊंच्या दुकानासमोर. दोन्ही निश्चय पहिल्याच हंगामात पाण्यात गेले.

दामूभाऊंचं दुकान लोखंडी सामानाचं. विळे, फाळ, खिळे, साखळ्या. पण त्यांना स्वतःला खिळा सरळ ठोकता येत नसे. त्यांनी हातोडी उचलली की शेजारीपाजारी आपापली बोटं आवरून घेत. इंग्रजीचा तर एबीसीपासून नन्नाचा पाढा. असा हा माणूस एका यंत्राच्या इंग्रजी पुस्तकाच्या भाषांतराचा पुढारी कसा झाला, हे मला विचाराल तर मी सांगेन की त्यांना एकच विद्या येत होती: माणसं गोळा करण्याची. ते स्वतः तसं उघड म्हणतही. "मले काईच येत नाही मास्तर. म्हनून त विचारून राहिलो."

झालं असं की नागपूरच्या कुठल्याशा शेतकी प्रदर्शनातून त्यांच्या एका गिऱ्हाइकानं पातळसं इंग्रजी पुस्तक आणलं. पायानं चालवायच्या धानमळणी यंत्राचं. लाकडी सांगाडा, त्यात तारांच्या कड्या मारलेला ढोल, खाली पायडल. आकृत्या, मापं, सगळं त्यात. मी जांभया देत वाचून दाखवत होतो. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की हे यंत्र कुणीही बनवावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्याला शिकवावं. कुणाची परवानगी लागणार नाही. मात्र काही सुधारणा केली तर ती इतरांनाही सांगावी.

दामूभाऊ ताडकन उभे राहिले. "पुन्हा वाचा." मी वाचलं. "अजून एक डाव." पुन्हा वाचलं. जन्मभर दुकानदारी केलेला माणूस, त्याचा विश्वासच बसेना. "असं कोन लिवते बाप्पा? आमी त फुटका डबा बी फुकट देत नाही. अन् हा मानूस म्हन्ते, घ्या, बदलवा, वाटा!" ते दुकानाच्या आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. त्यांच्या चालीवरून मी ओळखलं, आपली झोप गेली.

हे यंत्र त्यांना कुणासाठी हवं होतं, ते सांगायला हवं. आमच्याकडे खळ्यावर धान पसरून त्यावरून बैल फिरवतात, त्याला चुरणं म्हणतात. बैल ज्याचे, त्याचं धान आधी चुरणार. मग त्याच्या भावाचं, मग व्याह्याचं. ज्याच्या घरी बैल नाही, त्याच्या धानाचं पुंजणं, म्हणजे कापून रचलेला ढीग, सगळ्यांचं आटपेपर्यंत उघड्यावर पडून असतं आणि घरचं माणूस आभाळाकडे बघत बसतं. दामूभाऊंना हे बघवत नसे. "बैल नाही म्हनून काय मानसानं सगळ्याच्या मांगं उभं राहाव?" असं ते विचारत, आणि असं विचारत की जणू बैल मीच लपवले आहेत.

मग ते पुस्तक मराठीत उतरवायला मंडळी जमली. इंग्रजीला मी. लाकडाला श्रावण सुतार, तोंडात कायम खिळे धरल्यामुळे कमी बोलणारा. आणि वाक्यांच्या परीक्षेला बायजाबाई. रोवणीपासून कापणीपर्यंत सगळी कामं केलेली ही बाई माझं मराठी ऐकून पदर तोंडाला लावायची. मी लिहिलं, "चालकाने उजवा पाय पट्टीवर स्थापित करावा." बायजाबाई म्हणाली, "पाय का गनपती होय काय जी, स्थापन कराले?" ओळ बाद. मी लिहिलं, "ढोलास गती प्राप्त होताच..." बायजाबाई उठून घरी गेली. कॉलेजात सुवर्णपदक थोडक्यात हुकलेला मी, माझ्या वाक्यांची अशी धूळधाण उडताना पाहत होतो. खरं सांगू? मजा येत होती. आयुष्यात पहिल्यांदाच माझं एखादं वाक्य ऐकून कुणी काहीतरी करत होतं.

बायजाबाईनं पास केलेली ओळ बाजारात जायची. बाजारात चारचौघांनी ती बरोबर करून दाखवली, तरच कागदावर पक्की. हे काम पूर्ण होऊन पहिलं यंत्र श्रावणच्या अंगणात घरघरलं, तेव्हा लोंब्यांमधून धान असं तडतडत उडालं की बघणाऱ्यांनी टोप्या काढून झेललं. दामूभाऊ तर नाचलेच. शाळेच्या सायक्लोस्टाइलवर आम्ही प्रती काढल्या. ज्याला पाहिजे त्यानं न्यावी, अट एकच, काही बदल केला तर येऊन सांगावं.

आणि पहिली बातमी आली सानगडीहून. तिथल्या सुतारानं यंत्र बनवलं होतं. झकास चालत होतं. आम्ही बघायला गेलो. यंत्राच्या डाव्या बाजूला एक फुटकी चप्पल लटकत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमच्या मशीनले होती न जी," सुतार म्हणाला. "मोहाडीत येऊन पाहून गेलो मी. माप बी घेतलं."

श्रावणनं दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली ती चप्पल! यानं डाव्या पायाची शोधून, तेवढीच झिजवून, त्याच उंचीवर बांधली होती. शिवाय श्रावणकडे लांब फळी नव्हती म्हणून त्यानं एका जागी ठिगळ मारलं होतं, तर यानं चांगली अखंड फळी कापून तिचं ठिगळ केलं होतं. मी हसून हसून बेजार झालो. श्रावणच्या तोंडातले खिळे पडले. दामूभाऊ मात्र विचारात पडले.

"तो नाही चुकला, मास्तर. आपून 'कसं' सांगतलं, 'काहून' नाही सांगतलं. त्याले कसं समजन कोनती गोष्ट कामाची अन् कोनती नाही?"

त्या दिवसापासून फर्मान निघालं. प्रत्येक ओळीखाली तिचं काहून, म्हणजे का ते, लिहायचं. साखळी सैल ठेवू नये. काहून, त निसटते. तेल रोज द्यावं. काहून, त दांडा गरम होऊन लाकूड खाते. लोक आमच्या टोळक्याला 'काहून मंडळी' म्हणू लागले. चिडवण्यासाठीच म्हणत. दामूभाऊंनी ते नाव दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं.

दामूभाऊंनी आणखी एक उद्योग करून ठेवला. आमच्या कागदावरून बनवलेलं कुठलंही यंत्र अडलं, तर मंडळीतलं कुणीतरी दुसऱ्याच दिवशी दारात हजर होईल, असा शब्द त्यांनी भर बाजारात देऊन टाकला. निरोप आणण्याचं काम एस.टी.च्या कंडक्टरांच्या गळ्यात घातलं. तिकिटं फाडता फाडता कंडक्टर खिडकीतून ओरडत जायचा, "दामूभाऊ, पवनीकडची मशीन कुरकुरून राहिली हो!" आणि मंडळीतलं जे हाताला लागेल ते माणूस पुढच्या गाडीत कोंबलं जायचं.

त्या हिवाळ्यात आभाळ भरून आलं आणि निरोप आला दिघोरीचा. पार्बताबाईची मशीन बसली.

पार्बताबाई ही एकटी बाई, नवरा गेलेली. तलावाखाली तुकडाभर धानाची जमीन. दिरांकडे बैलजोड्या, पण हिचं धान चुरायला त्यांना सवड व्हायची ती सगळ्यात शेवटी. त्या वर्षी तिनं सानगडीच्या सुताराकडून यंत्र करून घेतलं आणि दिरांना सांगितलं, "तुमचे बैल राहू द्या." दीर गावभर म्हणत फिरले की पायानं शिलाई होते, मळणी होत नाही. आता यंत्र बसलं होतं, पुंजणं उघड्यावर होतं आणि आभाळ खाली आलं होतं. पुन्हा बैल मागायला गेली असती, तर गावानं तिला जन्मभर ऐकवलं असतं.

दामूभाऊ, श्रावण आणि मी, आम्ही तिघं निघालो. भंडाऱ्याला गाडी बदलली, साकोलीला बदलली. दामूभाऊ सगळ्या वाटेनं ड्रायव्हरच्या मागं उभे, जणू त्यांच्या ढकलण्यानं गाडी पळणार होती.

खळ्यावर सारा गाव जमलेला. श्रावण पिशवी घेऊन थेट यंत्राखाली शिरला. मी कागद घेऊन त्याच्या उशाशी. आणि दामूभाऊ? ज्यांनी आम्हाला ऊर फुटेस्तोवर पळवत आणलं, ते यंत्राकडे ढुंकूनही न बघता पार्बताबाईशेजारी तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, जाऊन बसले. तिचं माहेर कोणतं, कपाळाशी हात लावून बसतेस तर डोकं दुखते काय, कुंपणातल्या वालाला शेंगा धरल्या काय. मला संताप आला. डोक्यावर आभाळ गडगडतंय आणि ह्यांना वालाच्या शेंगा!

"तुमी तिकडे पाहा न, मास्तर," ते म्हणाले. "यंत्रापाशी तुमी दोघं हाव. इच्यापाशी कोन हाये?"

इतक्यात श्रावण बाहेर आला. त्याची बोटं लालभडक. मला वाटलं कापलं. तो शेंदूर होता.

पार्बताबाई पुढे झाली. "तुमच्याच कागदात हाये जी, रोज सकाळी तेल द्याव. मंग आंग धुवून देतो तेल. जिथं रोज तेल देतो तिथं शेंदूर नाही लावाव काय? मारोतीले नाही लावत? ह्यानंच त मले कोनाच्या दारात जाऊ नाही देलं."

रोजच्या तेलात रोजचा शेंदूर कालवून दांड्याभोवती अशी पक्की लुकण बसली होती की ढोल जागचा हलेना. दीर फिदीफिदी हसले. दामूभाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हसू जागीच विरलं. मग श्रावणकडे वळून म्हणाले, "तिचं काई चुकलं नाही. आपल्याच मशीनीत देवाले जागा नव्हती. ठोक एक पट्टी."

श्रावणनं दांडा घासून साफ केला आणि सांगाड्याच्या वरच्या बाजूला, ढोलापासून दूर, हातभर फळीचा तुकडा ठोकला. मी तिथल्या तिथं कागदावर ओळ लिहिली: 'शेंदूर येथे लावावा.' काहून, तेही लिहिलं. पार्बताबाईनं त्या फळीला बोट लावलं, पायडलवर पाय ठेवला, आणि ढोल असा सणसणला की पोरंटोरं मागे सरली. मग कुणी कुणाला सांगायचं राहिलंच नाही. पेंढ्या देणारे पेंढ्या देऊ लागले, तणस ओढणारे तणस ओढू लागले, आणि थोड्या वेळानं पाहतो तर पायडलवर धाकटा दीर! पहिला टिपूस पडला तेव्हा शेवटचं पोतं घरात चढत होतं. मी ओल्या अंगानं ओरडत होतो, श्रावण ओरडत होता, का ते आम्हालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर जिथं जिथं आमचं यंत्र बनलं, तिथं तिथं ती शेंदराची पट्टी आली.

इथं गोष्ट संपली असं मी समजलो होतो.

मग एका दुपारी माझ्या दाराची कडी वाजली. "मास्तर, उठा! दिघोरीची बाई उतरली गाडीतून! श्रावणले बी हाक मारली!" मी धोतराचा सोगा सावरत धावलो. श्रावण पिशवी घेऊन आला. दुकानाच्या ओट्यावर पार्बताबाई बसली होती, मांडीवर गाठोडं. साकोलीच्या पुढं ती जन्मात आली नव्हती.

"काय बसलं? ढोल का पायडल?" दामूभाऊंनी उभ्या उभ्याच विचारलं.

"काई नाही बसलं जी. मशीन मस्त हाये."

"मंग?"

"मंग काय? नवे तांदूर आनले. त्या दिवशी तुमी मले सगळं विचारलं. माहेर विचारलं, डोकं विचारलं, शेंगा विचारल्या. तुमी गेल्यावर ध्यानात आलं, मी भाऊले काईच नाही विचारलं." तिनं गाठोडं बाजूला ठेवलं. "घरी कोन कोन हाये तुमच्या?"

भर बाजारात अनोळखी माणसाला पेंढी धरायला लावणारा हा माणूस हळूच खाली बसला.

"मालता होती," ते म्हणाले. "लई दिवस बिमार होती. तवा घर भरून राहे. कोनी औषध आने, कोनी डाक्तर आने. तेरवी झाली, मंग कोन कायले येईन? मानसाले घरी याले काईतरी काम लागते न, बाई."

मी समोर राहणारा. मालतावहिनी गेल्याचं मला माहीत होतं. पण एवढी यंत्रं, एवढ्या ओळी, एवढी काहूनं कुठून आली, ते मला त्या वाक्यानं समजलं. पार्बताबाई चूल कुठं आहे तेवढं विचारून तांदूळ घेऊन आत गेली.

मी श्रावणला डोळ्यानं खुणावलं, चल. आम्ही ओट्यावरून उतरलो, तोच मागून दामूभाऊंचा आवाज आला. नेहमीचा खणखणीत नव्हे, जरा चाचरत आलेला.

"बसा न, मास्तर. श्रावण, बस. काम काईच नाही."

श्रावणनं अवजारांची पिशवी खाली ठेवली. आम्ही बसलो.